सात फोटोंची जागा

"जरा सरकता का? तुम्ही भिंतीच्या मध्ये येताय."

तो सरकला आणि मागे वळून पाहू लागला. मासिकाच्या कचेरीमागच्या गल्लीतली, गिलावा न केलेली विटांची भिंत. तिचा फोटो काढावा असं तिच्यात काहीही नव्हतं. समोरची बाई मात्र एक डोळा मिटून, श्वास रोखून तिच्यावर नेम धरून उभी होती.

"भिंतीचा फोटो?" त्याने विचारलं.

"विटांच्या रेषा सरळ येतात का बघायचं असतं. भिंग हलकं असेल तर कडेच्या विटा वाकतात."

"मग माणसांचे का नाही काढत?"

"माणसं आधीपासूनच वाकलेली असतात. त्यांच्यावरून भिंगाचं काही कळत नाही."

तो हसला. हसताना त्याने मान खाली घातली, जणू हसण्याचं बिल कुणीतरी मागायला येईल. मग हातातली छोटी पेटी पुढे करून म्हणाला, "कॅमेरा कंपनीकडून आलोय. परीक्षक कुठे भेटतील?"

"भेटल्या. भिंतीसमोर."

अशी त्यांची ओळख झाली. प्रेमकथेत पहिल्या भेटीला निदान वारा तरी सुटतो. इथे गटाराचं झाकण तेवढं सुटलेलं होतं.

मासिक घरगुती वस्तूंचं होतं. इस्त्री, पंखा, मिक्सर, छत्री, असं जे जे बाजारात येई ते आधी तिच्या टेबलावर येई. ती ते वापरून बघायची आणि 'पहिली ओळख' या सदरात लिहायची. बरीच वर्षं हे केल्यावर तिचं एक तत्त्वज्ञान तयार झालं होतं: सगळं बिघडतं, वॉरंटी फक्त त्याच्या आदल्या आठवड्यात संपते. हे तत्त्वज्ञान तिने माणसांनाही लावलं होतं, त्यामुळे ती अजून भाऊ-वहिनींकडे राहत होती. वहिनी म्हणायची, "तुमच्या मासिकात नवरे तपासायला येत नाहीत का गं? आला एखादा तर परत पाठवू नकोस. किरकोळ बिघाड आपण घरी बघू."

तो कंपनीचा माणूस. खिशात मावणारे छोटे कॅमेरे आणून द्यायचे, तिचं बघून झालं की परत न्यायचे, एवढंच त्याचं काम. कॅमेरे साबणाच्या डबीएवढे असत, म्हणून तिने त्याचं नाव 'डबीवाले' ठेवलं. तो तिला परीक्षकबाई म्हणायचा. अंक बाहेर आला की तो पुन्हा जिना चढून यायचा, अंक उघडून एखाद्या ओळीवर बोट ठेवायचा.

"'फ्लॅश मारला की माणूस पोलिसांनी पकडल्यासारखा दिसतो'... हे जरा जास्त झालं."

"तुमचाच फोटो काढून बघितला होता."

"मग फ्लॅशचा काय दोष?"

असं बोलणं पेल्यातला चहा गार होईपर्यंत चालायचं. गार चहा तो तक्रार न करता प्यायचा. वस्तू तपासणाऱ्या बाईच्या हे लक्षात येत नव्हतं असं नाही... पण नोंद कुठल्या रकान्यात करायची, हे तिला ठरवता येत नव्हतं.

एका गोष्टीवरून मात्र तो दर वेळी हटून बसायचा. या कॅमेऱ्यांच्या पोटात थोडी जागा असते. कार्ड घातलेलं नसलं, तरी सातेक फोटो तिथे मावतात. कार्ड घातलं, की ती जागा जणू नाहीच; तिथले फोटो पडद्यावर दिसतही नाहीत. पहिल्याच परीक्षणात तिने लिहिलं होतं: 'आतली मेमरी पाहिली. दखल घेण्यासारखं त्यात काही नाही.' ही ओळ तिला इतकी पटली, की पुढच्या प्रत्येक परीक्षणात ती जशीच्या तशी जाऊन बसली. पहिल्या वेळी खरोखर पाहिलं होतं. नंतर कुणी पाहतं?

"आतल्या मेमरीवर तुम्ही अन्याय करता," तो म्हणायचा.

"सात फोटो! सात फोटोंत लोकांचं जेवणाचं ताटसुद्धा पुरं होत नाही हल्ली."

आणि मग एका दुपारी तो आला तो पेटी टेबलावर न ठेवता उभाच राहिला. बाहेर भुरभुर पाऊस होता, त्याच्या भुवयांवर थेंब होते. पेटी मात्र शर्टाच्या आत, कोरडी.

त्याने कॅमेरा काढून तिच्या तळहातावर ठेवला. बोटं बोटांना लागली, आणि दोघांनीही ते कॅमेऱ्याच्या खात्यात टाकलं. कॅमेरा गार होता, गुळगुळीत होता, दिसायचा त्याहून जरा जड होता. तिने बटण दाबलं. कासवाने मान काढावी तसं भिंग हळूच बाहेर आलं. फरक इतकाच, की कासव पुष्कळ जगतं.

"आवडला?" त्याने विचारलं.

"पहिल्या ओळखीत आवडायची पद्धत नाही आमच्यात."

"पण परीक्षणात फोटो तर पहिलाच धरता ना तुम्ही?"

"तोच खरा. दुसऱ्या वेळी वस्तू पण सावध होते आणि माणूस पण."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "हा शेवटचा. सगळ्यांच्या फोनमध्ये कॅमेरे आलेत. कंपनी म्हणते, आता छोटे बंद."

"आणि तुम्ही?"

"मी छोट्याच कॅमेऱ्यांचा माणूस आहे, परीक्षकबाई."

तिने कॅमेरा बंद केला. भिंग आत गेलं. छोटे बंद म्हणजे हा जिना बंद, अंकावरचं ते बोट बंद, गार चहा बंद. यापुढे त्याला इथे यायला काही निमित्तच उरणार नव्हतं, आणि निमित्ताशिवाय येणाऱ्यांतला तो नव्हता. बोलायचं तर आताच बोलायला हवं होतं. ती बोलली ती अशी:

"चार्जर आणलाय ना?"

"आणलाय." तो दारापाशी जाऊन थांबला. "या वेळी... आतली मेमरी पण नीट बघा हं."

"सात फोटोंत काय बघायचं?"

"सात पुष्कळ होतात. माझं तर सहात भागतं," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. कंपनीच्या माणसाचे कान मेमरीवरून लाल व्हावेत, यात काहीतरी विचित्र आहे, एवढं तिला जाणवलं. पण कार्ड घालायची तिची सवय जुनी होती. तो जिना उतरेपर्यंत कार्ड आत गेलं होतं.

पुढचे काही दिवस तिने त्या कॅमेऱ्याबरोबर काढले. भिंतीचा फोटो काढला. घरी वहिनीचा काढला, वहिनी म्हणाली, "पोट वगळून काढ." आणि मग ती लिहायला बसली. तोंडाने जे बोलता आलं नव्हतं, ते तिने भिंगावर घातलं. 'कडेच्या विटासुद्धा सरळ येतात, असा हा पहिलाच,' असं लिहिलं. 'खिशात ठेवावा, आणि खिशात आहे हे विसरू नये,' असंही लिहिलं. आयुष्यात तिने कुठल्याच वस्तूबद्दल, माणसाबद्दल तर नाहीच नाही, इतकं चांगलं लिहिलं नव्हतं. ज्याला कळायचं त्याला कळेल, असं तिला वाटलं. असं ज्यांना ज्यांना वाटतं, त्यांचं पुढे काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

संपादकांनी मजकूर वाचून चष्मा काढला. "कंपनीने काही दिलं का तुला?"

"काय देणार? कॅमेरासुद्धा परत नेतात."

"मग शेवटच्या ओळीत तरी काही वाईट लिही. वाचकांना संशय येईल."

"आतल्या मेमरीची ओळ आहे ना."

"हां, ती असू दे," संपादक म्हणाले.

कॅमेरा न्यायला तो आला तेव्हा नवा शर्ट घालून आला होता. घडीच्या रेषा तशाच होत्या. कॅमेरा हातात घेऊन, तिने कार्ड काढून ठेवलेलं पाहून, त्याने तो चालू केला, पडद्याकडे पाहिलं, बंद केला.

"सगळं बघितलंत?"

"बघितलं."

"आणि...?"

तिला वाटलं, सांगून टाकावं. पण समोर संपादक कात्रणं चिकटवत बसले होते, आणि तिने जे लिहिलं होतं ते तिच्या बोलण्यापेक्षा फार बरं होतं.

"छापून येण्याआधी सांगायची पद्धत नाही," ती हसून म्हणाली. "अंकात वाचा. आणि वाचलंत की या. या वेळी चहा गरम देईन."

"येतो," तो म्हणाला. "छापून येऊ दे."

अंक आला. तो आला नाही.

पहिल्या आठवड्यात तिने दोन कप धुऊन ठेवले. नंतर एक ठेवला. मग तिच्या ध्यानात आलं, की माणूस कॅमेऱ्यांसाठी येत होता आणि कॅमेरे संपले, म्हणजे हिशेबात कुठेच चूक नाही. ती इस्त्र्यांकडे वळली. इस्त्र्या त्या वर्षी फारच वाईट आल्या, असं निदान तिच्या सदरावरून दिसतं.

वर्ष उलटलं. एक दिवस कुरियरने पेटी आली. कंपनीने छोट्या कॅमेऱ्यांचा विभाग गुंडाळला होता. कपाटात पडून राहिलेला माल त्यांनी ज्या-त्या परीक्षकाला भेट म्हणून वाटला होता. सोबत चिठ्ठी नव्हती. तोच कॅमेरा, तळाला तिच्याच टेबलाचा ओरखडा.

कार्ड तिने केव्हाच दुसरीकडे वापरायला घेतलं होतं. बटण दाबलं. कासवाने मान काढली. फोटो बघायचं बटण दाबलं, तर पडद्यावर एक उघडं दार आलं.

ती बघत राहिली. घराचं दार, आतून कुणीतरी 'या' म्हटल्यासारखं सताड उघडं. मग एक फळी, तिच्यावर मासिकाचे अंक, तारखेवार लावलेले. दोन कप, आणि शेजारी मुद्दाम आणून ठेवलेला तिसरा, नवा. एक खिडकी, जिच्यातून समोर फक्त विटांची भिंत दिसत होती. इतर कुणाला दाखवली असती तर खोली नापसंत झाली असती. मग खुर्चीत ताठ बसलेली एक म्हातारी बाई, ठेवणीतल्या कपड्यांत, नेमक्या क्षणी डोळे मिटलेली. आणि शेवटी तो. हात लांब करून स्वतःच काढलेला, त्यामुळे अर्धाच चेहरा, एक लाल कान.

सहा. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता: शिल्लक, एक.

माझं सहात भागतं, असं तो म्हणाला होता. सातवी जागा त्याने तिच्या उत्तरासाठी ठेवली होती. ती रिकामी परत गेली. वर तिने छापून कळवलं, की पाहिलं, आणि दखल घेण्यासारखं त्यात काही नाही.

तिने कंपनीत फोन केला. तो नोकरी सोडून गेला होता. जुना नंबर बंद होता. दुसऱ्या दिवशी तिने संपादकांच्या टेबलावर एक कागद ठेवला. संपादकांनी तो मोठ्याने वाचला:

"'दुरुस्ती. गेल्या वर्षी खिशातल्या कॅमेऱ्याच्या परीक्षणात आतली मेमरी पाहिली, असं म्हटलं होतं. ती पाहिली नव्हती. आता पाहिली. सहा फोटो आहेत आणि सगळे आवडले. मासिक दिलगीर आहे.' अगं, हा कॅमेरा आता बाजारात तरी आहे का?"

"नाही."

"मग वाचणार कोण हे?"

"एक जण वाचायचा सगळं."

संपादकांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या कारकिर्दीत बहुधा पहिल्यांदाच काही न विचारता लाल पेन्सिल उचलली. "'मासिक' काढतो," ते म्हणाले. "'परीक्षक दिलगीर आहे' असं करतो. चालेल?"

"चालेल."

अंक निघून पंधरवडा झाला असेल. कचेरीतला फोन वाजला.

"ती कॅमेऱ्याचं लिहिणारी मुलगी तूच का?" म्हाताऱ्या बाईचा आवाज होता.

"हो... आपण?"

"मी फोटोतली."

तिने खुर्ची ओढून घेतली.

"मासिक येतं अजून. वर्गणी त्याने पुढची भरून ठेवली होती," आवाज म्हणाला. "मीच वाचते आता. बघितले नव्हतेस, होय गं? आणि तो मला म्हणत होता, 'आई, तिने बघितल्याशिवाय लिहिलं नसेल. ती खोटं लिहीत नाही.' लोक तोंडावर नाही म्हणतात बाई, तू सगळ्या गावाला वाटलंस."

"ते... ते कुठे आहेत?"



"लग्न झालं त्याचं. गेल्या महिन्यात. मीच मागे लागले. मुलगी चांगली आहे, गुणी आहे. काही वाचत नाही, तेवढं एक बरं." मग हळूच, "सांगू का त्याला?"

समोर संपादक एकाच कात्रणाला तिसऱ्यांदा डिंक लावत होते.

"नको," ती म्हणाली. "तो अंक पण... त्यांना दिसू नये."

"उशीखाली घातलाय मी तो." बाईंनी श्वास घेतला. "एवढं सांग, माझा फोटो कसा आलाय?"

"छान आलाय. डोळे मिटलेत तेवढे."

"डोळे मिटलेत? आणि मेला मला म्हणाला, झकास आलाय, पहिलाच ठेवू! ... खोटं बोलायला तो तुझ्यासाठीच शिकला बघ." आणि फोन बंद झाला. आवाज शेवटी शेवटी ओला झाला होता, की लाइन खराब होती, हे सांगता येणार नाही.

संध्याकाळी ती गल्लीत गेली. भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हात लांब केला आणि बटण दाबलं.

फोटो हलला होता. अर्धाच चेहरा आला होता, नाक नको तेवढं, मागच्या विटा मात्र सरळ. पुसून दुसरा काढता आला असता. पण दुसऱ्या वेळी माणूस सावध होतो, आणि तिचा नियम तिने कधी मोडला नव्हता.

कॅमेऱ्याने पडद्यावर कळवलं, की आता आत जागा नाही.