पोहून गेलेला राजदूत

डाग पडला तो रेड वाइनचा, आणि पडला तोही पांढऱ्याशुभ्र शर्टावर, समारंभ तासावर आलेला असताना. मेयरसाहेबांनी उत्साहाच्या भरात जरा जोरातच पेला भिडवला होता. आर्मां व्हालक्रोझ – युद्धातला वीर, मग मंत्री, आता राजदूत म्हणून टोकियोला निघालेला – फ्रान्समधल्या सोन नदीकाठच्या पहिल्याच लाँड्रीत शिरला.

इस्त्री करणारी बाई मान वर न करता म्हणाली, "काढा."

"इथे?"

"नको तर अंगावरच फिरवते."

त्यानं शर्ट काढून दिला. तिनं वर पाहिलं... आणि त्यानं तिला ओळखलं. ओदील!

युद्धात जर्मन पहाऱ्यातून हिनंच त्याला नावेतून पलीकडे नेलं होतं – ख्रिस्ती मठातल्या जोगिणींच्या धुण्याच्या टोपलीत, त्यांच्या आतल्या कपड्यांखाली दडवून. शिपायानं वरचा एक कपडा उचलून पाहिला, तो लालबुंद झाला आणि त्यानं नाव जाऊ दिली. पुढे भाषणाभाषणांतून त्या टोपलीची बर्फाळ नदी झाली, आणि आर्मां ती पोहून गेला. आज त्याच काठावर त्याच्या पराक्रमाची पाटी लागणार होती.

"छान पोहता हं, साहेब," ओदील म्हणाली. "रेडिओवर ऐकलं. पाणी फार गार होतं म्हणे?"

"ओदील... मी येणार होतो. पण लाज वाटली."

"माझी?"

"टोपलीची."

"आणि उतरताना माझा हात धरून 'परत येईन' म्हणालात, त्याची?"

गंजिफ्रॉकातला राजदूत इस्त्रीच्या टेबलापाशी सरकला. "त्याचीच जास्त... आता येशील माझ्याबरोबर?"

"पोहणाऱ्या माणसाशी माझी ओळख नाही," म्हणत तिनं डाग काढलेला गरम शर्ट त्याच्या अंगावर टाकला.

व्यासपीठावर आर्मांनं सगळं सांगून टाकलं – टोपली, जोगिणी, कपडे. "अहो, मला पोहताच येत नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. केवढा हा विनय! मेयरसाहेबांनी तर डोळे पुसले आणि पाटीवरचा पडदा ओढला – 'येथून ते पोहून गेले.'

तो खाली मान घालून उतरला तो थेट मागे उभ्या असलेल्या ओदीलसमोर. "कुणाचाच विश्वास बसला नाही गं."

"तुला किती जणांचा हवाय?" तिनं त्याचा हात धरला. "चल, आई पलीकडे राहते. मला कुठे नेतोयस ते तिला सांग."

त्यानं दचकून पाण्याकडे पाहिलं.

"पुलावरून रे, वेड्या!"