खिडकीकडे पाठ

“आणि हे बघ, तिथे मला चिंगे म्हणू नकोस… मॅडम म्हण.”

केसांत शेवटची पीन खोचता खोचता धाकटी ताईशी आरशातूनच बोलली. आरशातून बोललं की समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे… ताईने तरी नाही. ताईने तिला वेणी घालायला शिकवलं, पाढे शिकवले. आईवडिलांच्या माघारी सहा वर्षांच्या त्या जिवाला पोटाशी धरलं, आणि “धाकटीला मामाकडे ठेवून ये” म्हणणाऱ्या स्थळाला हसतमुखाने माघारी पाठवलं. वडिलांचा कॅमेरा गळ्यात अडकवला तो अडकवलाच. गेली वीस वर्षं ती लोकांच्या लग्नांत नुसती उभीच होती!

आणि आता धाकटीने सासरी सांगून ठेवलं होतं की बहीण परदेशी असते, तिला यायला जमणार नाही. त्या घरात सगळे मोठमोठ्या हुद्द्यांवरचे. त्यांच्यापुढे ‘फोटोवाली बहीण’ हे शब्द तिच्या जिभेवर येईनात. वर लाडीगोडीने म्हणाली होती, फोटो काढायला आलीस की तूच माझ्या सगळ्यांत जवळ असशील, नाही का? ताईच्या काळजाला घरं पडली, पण ती हो म्हणाली… मुलीने हट्ट करावा आणि आईने पुरवावा, तशी.

दिवाणखाना देखणा होता. छताला भिडलेल्या तीन खिडक्या, पलीकडे तळं, तळ्यावर बाराचं ऊन; आणि नोंदणी-लग्नाच्या सह्यांचं टेबल नेमकं खिडक्यांना पाठ करून मांडलेलं. ताईने अदबीने सुचवलं, टेबल जरा आडवं फिरवू या, उजेड चेहऱ्यांवर येईल. नवऱ्यामुलाच्या आई म्हणाल्या, जागा घेतलीय ती या तळ्यासाठी, तुम्ही आपलं बटण दाबायचं बघा. सगळे हसले. नवरीही हसली.

ताईने मान खाली घातली आणि कामाला लागली. अशा जागी कॅमेरा खिडकीच्या लखलखाटाला भुलतो आणि माणसांची तोंडं काळी करून टाकतो. फ्लॅश मारावा, तर मागच्या काचा तो उलट डोळ्यांवर फेकत होत्या. राहिली वडिलांची जुनी रीत. माणसाच्या गालाशेजारी आपला तळहात धरायचा, कॅमेऱ्याने आधी त्या तळव्यावरचा उजेड मोजायचा, आणि तोच धरून माणूस टिपायचा. मागे खिडकी पांढरीफटक होते; होईना का, चेहरा तर उजळतो!

ती पुढे झाली. नवरीच्या गालाशी तिने तळहात धरला…

आणि धाकटीने डोळे मिटून आपला गाल त्या तळव्यावर ठेवून दिला.

लहानपणापासूनची खोड होती ती. घरात कुणी उजेड मोजायला हात पुढे केला, की ही गाल टेकवून मोकळी. वडील चिडायचे, ताई हसायची. आज भर लग्नात, सही करायच्या आधी, शरीराने तोंडाला न विचारताच खरं सांगून टाकलं. तळव्याला तिच्या श्वासाची ऊब लागली. 

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. धाकटी दचकून सरळ बसली. चक्कर आल्यासारखं झालं, असं काहीतरी पुटपुटली.

“मॅडमना पाणी द्या कुणीतरी,” ताई म्हणाली आणि कॅमेऱ्याआड गेली. तिथे डोळे भरले तरी कुणाला दिसत नाहीत.

सह्या झाल्या, टाळ्या झाल्या. मग नवऱ्यामुलाच्या आईने तिला बाजूला गाठलं.

“मी दोन लेकरं वाढवलीत. चक्कर आलेलं माणूस टेबल धरतं. तुम्ही कोण तिच्या?”

एका शब्दाचं काम होतं. त्या शब्दासाठी ताईचा जीव वीस वर्षं आसुसला होता. पण तो उच्चारला असता तर धाकटी पहिल्याच दिवशी खोटारडी ठरली असती.

“मी त्यांची कोणी नाही, बाई. कामाला आलेय.”

मागे काहीतरी हुंदक्यासारखं झालं. धाकटी उभी होती. तिने स्वतःच लादलेलं खोटं ताईच्या तोंडून ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

“ही माझी ताई आहे, आई. परदेशी कधीच नव्हती. मला… मला हिची लाज वाटली.”

“लाज स्वतःची वाटायला हवी होती, मुली.” सासूबाईंचा आवाज थंड होता. “चला, सगळे उभे राहा. आता हिच्यासकट फोटो होईल.”

पण काढणार कोण? नवरदेवाने कॅमेरा घेतला. भीत भीत चकती फिरवली, कॅमेरा ऑटोवर ठेवला, म्हणजे आता उजेड तोच मोजणार. ताईला ते तिथूनच दिसलं. शब्द ओठांवर आले. पण धाकटीने तिचा दंड असा काही घट्ट धरला होता… जाऊ दे, मेलं! पाठीवर ऊन लागत होतं. लग्नात असं उभं राहिल्यावर पाठ तापते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

आठवड्याने धाकटीचा फोन आला. बाकीच्या सगळ्या फोटोंत चेहरे काय सुरेख आलेत, आणि ताई असलेल्या एकमेव फोटोत तळं, झाडी, पानन् पान स्वच्छ… फक्त माणसं काळी. तुझा चेहराच दिसत नाही गं. उजळता नाही का येणार?

ताईने संगणकावर चार वेळा करून बघितलं होतं. काळ्याखाली काहीच उरलं नव्हतं.

“नाही येत, चिंगे. जे धरलंच नाही, ते मागून कसं आणणार?”

 पलीकडून रडका आवाज आला, “मी रविवारी येते. आपण दोघींचा परत काढू. पण… दोघींचा काढणार कोण?”

“ये आधी,” ताई म्हणाली.