केबल काढल्यावर

दुपारी कसबा बावड्याच्या कुरिअरवाल्याकडून नवी केबल आणली आणि थेट प्रयोगशाळेत शिरले. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. खिडकी लावली तरी मळीचा गोडूस, आंबूस वास खोलीत साचला होता. मी खुशीत होते. माझी रचना आज पास होणार, याबद्दल मला शंका नव्हती.

काम सांगायला सोपं. एका चिपनं केबलमधून सेकंदाला दहा अब्ज बिट पाठवायचे, दुसरीनं ते अचूक ओळखायचे. दोघींना आधी बिटांचा एकच क्रम दिलेला असतो, म्हणून चुका मोजता येतात. पाच वाजेपर्यंत एकही चूक झाली नाही, तर माझी रचना पुढे जाणार. झाली, तर आमचे वरिष्ठ बाळाप्पाकाका यांची, निम्म्या वेगाची. म्हाताऱ्यांना वेग सोसत नाही आणि दुसऱ्यानं घेतलेला तर मुळीच नाही.

साडेचारला पडद्यावर चुका शून्य, खालच्या ओळीत आलेले बिट सरकत होते. मी अहवाल लिहायला घेतला.

"केबल काढून बघ की," काका म्हणाले.

ही त्यांची जुनी खोड. पास झालेली चाचणी ते मुद्दाम तोडून बघत. चुका उसळल्या तरच त्यांचा विश्वास बसे. उगाच वेळ घालवू नका, असं मी तोंडावर सांगितलं. तरी मीच केबल उपटली.

शून्य.

बिट तरी येतच होते. घेणारी चिप स्वतःचंच ऐकत असेल म्हणून चाचणीसाठी ठेवलेली ती सोय तपासली. बंद होती. मग पाठवणाऱ्या चिपची वीज काढली. तिच्या पंख्याची घरघर थांबली आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली.

शून्य.

"क्रम बदल," काका हळू म्हणाले.

घेणाऱ्या चिपला नवाच क्रम दिला. चुका भराभर वाढल्या, मला हायसं वाटलं... सातव्या सेकंदाला आकडा थांबला. आणखी एक क्रम दिला. तीन सेकंद.

"कोण तरी शिकतंय, पोरी... अहवाल धाडू नगंस."

मी धाडला. वीज आणि केबल परत जोडली, पाच वाजेपर्यंत चाचणी चालवली, शून्यच आलं. नियमात तेवढंच मागितलं होतं.

रचना मंजूर झाली. आज तसे बाराशे बोर्ड चालू आहेत, एकाचीही तक्रार नाही. मी मजेत आहे.

फक्त त्या संध्याकाळी काका घरी गेल्यावर मी केबल पुन्हा काढली होती. आणखी एक क्रम मनातच ठरवला, टाइप करायला बोटं ठेवली... आलेले बिट दाखवणाऱ्या ओळीत तो आधीच सरकत होता.