शिक्क्यावरची कसर

सहाव्या महिन्याची सहावी तिथी म्हणजे सूचौ शहरात पुस्तकांना ऊन दाखवायचा दिवस. त्या सकाळी थाओ घराण्याचा सुलेखनाचा जुना पट उलगडला, तर तळाशी, लिहिणाऱ्याच्या शिक्क्याच्या जागीच, कसरीने खाल्लेलं बोटभर भोक. दुपारी मोलकरणीचं, लिउ आडनावाच्या वहिनीचं, बोचकं दाराबाहेर आलं.

निष्काळजी म्हणून काढलेल्या बाईला त्या गल्लीत दुसरं घर मिळत नाही. ती रडत खाजगी तपास करणाऱ्या छिन शूकडे गेली. तो निघाला आणि त्याचा मित्र पांगही. पांग निवृत्त हवालदार. माणूस सोन्यासारखा, डोकं जरा मंद.

पटावर चारच चिनी अक्षरं होती, अर्थ : सापाला पाय काढले. सापाचं चित्र सर्वांआधी काढून पैज जिंकलेल्या माणसाने उगाच त्याला पाय काढले आणि पैज घालवली, ती म्हण.

"हा वर्षभर कुठे असतो?" छिन शूने विचारलं.

"खालून गुंडाळत नेऊन पेटीत," थाओ आजी म्हणाल्या. "नववर्षाला तेवढा भिंतीवर. किल्ल्या दोन. एक या वहिनीकडे, एक पुतण्याकडे."

"गुंडाळतं कोण?"

"मीच, बारा वर्षं," लिउ वहिनी म्हणाली. "कापूर घालून."

पट मढवणारे, हो आडनावाचे काका आधीच येऊन बसले होते. "कसर मेली दाभणासारखी आरपार जाते. पण हळहळता कशाला? शिक्का केव्हाच पुसलाय, वाचतंय कोण?"

पुतण्या वनशी शाळामास्तर, अक्षर मोत्यासारखं. "मी पटाला हात लावत नाही. लहानपणापासून भिंतीवर पाहतो तेवढाच." त्याचा पाय सारखा हलत होता.

छिन शूने पट गुंडाळला.

"पांग, कांद्याची पोळी गुंडाळून सुई आरपार घातली, तर भोकं किती?"

"वेढे असतील तितकी."

"शिक्का तळाला, म्हणजे गुंडाळीच्या पोटात. वरचे वेढे पोखरल्याशिवाय कसर तिथे पोचेल कशी? इथे तर भोक एकच. ते माणसाने पाडलंय. वहिनी आणि काका अशी चूक करणार नाहीत. दोघांनी हा पट हाताळलाय. ज्याने तो फक्त भिंतीवर पाहिला, तोच करेल."

"पण भोक पाडायचं कशाला?" आजींनी विचारलं.

"कारण ही नक्कल आहे, आजी. अक्षरं साधली, शिक्का साधेना, म्हणून कसरीच्या नावावर घातला. शिक्का पुसटच होता. नुसतं लाल शाईचं बोट टेकवलं असतं, तरी कुणी पाहिलं नसतं. मास्तरांनी सापाला पाय काढले."

वनशी म्हणाला, "खरा पट शांघायच्या व्यापाऱ्याकडे आहे. परत आणतो."

आजी म्हणाल्या, "वहिनी, बोचकं आत घे."

"नाही, बाईसाहेब. कापूर घातलास का, एवढंही तुम्ही विचारलं नाहीत. माझी चूक नव्हती, असं लिहून द्या. मी दुसरं घर बघते."

आजींनी स्वतः शाई उगाळली, कागद ओढला आणि कुंचला बुडवला. हात तिथेच थांबला.

"लिउ वहिनी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुझं स्वतःचं नाव काय गं?"