म्हसोबाच्या वळणावरचा ब्रेक

हे कोडं सोडवा बघू. नाथामामानं तीस वर्षांत कुणाची कोंबडीसुद्धा चिरडली नाही. तरी तो चालवतो त्याच शाळेच्या व्हॅनमधल्या डबीनं त्याला 'धोकादायक चालक' ठरवलं! सोमवारपासून व्हॅन बंद. का बरं?

ही डबी म्हणजे संवेदक (गाडीचा वेग, ब्रेक आणि जागा टिपणारं यंत्र). हल्ली सगळ्याच गाड्यांत असते. टिपलेलं सगळं वाहतूक कचेरीला कळवते. महिन्यात अकरा वेळा मामानं करकचून ब्रेक मारला होता, आणि तोही दरवेळी म्हसोबाच्या वळणावर.

त्याची भाची राही, सहावीतली. तिच्या डोक्यात तिडीक गेली. मामाला ओढतच तिनं कचेरी गाठली.

"अहो, ब्रेक मारला म्हणून तर आम्ही वाचलो! अचानक पुढ्यात आलेल्या ट्रॅक्टरवर जाऊन आपटायला हवं होतं का?"

"बाळ, डबी खोटं बोलत नाही," कचेरीचे प्रमुख घोलपसाहेब चहा फुंकत म्हणाले.

"मग अर्धंच बोलते!"

कचेरीतला यंत्रमानव भागू खर्रकन वळला. "पोरगी बरोबर बोलतेय. एकच गाडी बघितली की चूक चालकाची वाटते. आता सगळ्या गाड्या एकत्र बघा." भिंतीवर नकाशा उजळला. वळणावर लाल ठिपक्यांचं मोहोळ! "चारशे बारा गाड्या. सगळेच बेशिस्त?"

"हॅ! तिथं म्हसोबाला हात जोडायला सगळेच हळू होतात," साहेब म्हणाले.

मामा पुढं सरकून बोलला, "साहेब, नमस्कार करताना माणूस दचकतो का हो?"

भागूनं नकाशाशेजारी वेगाच्या दोन रेघा काढल्या. एक टेकडीच्या उतारासारखी, हळूहळू उतरणारी. तो नमस्काराचा ब्रेक. दुसरी कड्यावरून कोसळल्यासारखी. तो भीतीचा. "भीतीचे सगळे ब्रेक गावाकडून येणाऱ्यांचे. सुरुवात सहा तारखेला."

"सहाला काय झालं?" राहीनं विचारलं.

"आपले पुढारी आहेत ना, त्या भाऊसाहेबांच्या वाढदिवसाचा फलक लागला," मामा म्हणाला. "घराएवढा. शेतातून निघणारा ट्रॅक्टर त्याच्यामागं दिसतच नाही."

"म्हणजे फलकावर हसायचं त्यांनी आणि शिक्षा माझ्या मामाला?"

साहेबांनी कप खाली ठेवला. "अगं, भाऊसाहेबांचा फलक काढायचा म्हणजे..."

"तुम्ही नका काढू," भागू शांतपणे म्हणाला. "धोका दिसला की मागून येणाऱ्या गाड्यांना सांगायचं, हे माझं कामच आहे."

संध्याकाळपर्यंत वळणाकडे येणारी प्रत्येक गाडी चालकाला बजावत होती, "सावकाश! पुढं भाऊसाहेबांच्या फलकामागं धोका आहे." खुद्द भाऊसाहेबांची गाडीसुद्धा! दिवस मावळायच्या आत फलक उतरला. साहेबांनी मामावरचा शिक्का मुकाट खोडला.

सोमवारी वळणाआधीच व्हॅनची डबी बोलली, "डावीकडून ट्रॅक्टर येतोय." भागूनं आता डब्या एकमेकींशी जोडल्या होत्या; ट्रॅक्टरच्या डबीनंच कळवलं होतं तिला. मामानं अलगद वेग कमी केला, जाता जाता म्हसोबाला नमस्कार केला. मागच्या बाकावर कुणाचा डबासुद्धा हलला नाही.

राहीनं डबीवर टिचकी मारली. "आता कशी पुरं बोललीस!"