ह्यांनी दिलेला नंबर

ही गोष्ट खरी आहे. कुणाच्या गळी उतरवायला मी बसलेली नाही, पटलं तर घ्या. सुरू झाली ती माझ्या घरात, गेल्या हिवाळ्यात, एका मंगळवारी. रात्र नव्हती, दिवे गेले नव्हते, कुत्रीही रडत नव्हती. भर दुपार होती आणि मी मशीनवर पडद्याला अस्तर लावत होते.

फोन वाजला.

माझा फोन वाजला की मी दचकते, कारण तो सहसा वाजतच नाही. आमचे हे गेल्यावर लेकीने नवा फोन घेऊन दिला, नंबरही नवा. तो दोघांकडेच आहे. एक लेक आणि दुसरा पडद्यांचा दुकानदार. लेक दूर, दुसऱ्या देशात. रविवारी फोन करते. बरी आहेस ना, जेवलीस ना, चल ठेवते. दुकानदार तेवढंही बोलत नाही, मापं सांगून मोकळा होतो. बाकी दिवसभर मी आणि मशीनचा खडखडाट. मशीन थांबलं की घर इतकं गप्प होतं की मी उगाच नळ सोडून ठेवते.

पलीकडे एक बाई होती. चाळिशीची असावी, नाक चोंदलेलं. थकलेली कर्जं वसूल करणाऱ्या कंपनीतून बोलत होती. तिने ह्यांचं पूर्ण नाव घेतलं.

एका शिलाई मशीनचे शेवटचे काही हप्ते राहिलेत म्हणाली.

माझा हात अजून त्याच मशीनच्या चाकावर होता.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ह्यांनी ते मला आणून दिलं होतं. सगळे पैसे फेडले, असंच मला सांगितलं होतं. आमचे हे तसे सरळ माणूस, पण मला काळजी नको म्हणून खुशाल थाप मारायचे. मी तिला म्हटलं, बाई गं, इतक्या वर्षांनी?

"तेच ना मॅडम," ती म्हणाली. "इतकी जुनी फाईल आम्ही बंदच समजतो. फक्त माणसाने स्वतः कबूल केलं, तरच ती पुन्हा उघडते. सरांनी परवा कबूल केलं. तुमचा हा नंबरही त्यांनीच दिला."

मी नळाकडे बघितलं. नळ बंद होता…

घरात कसलाच आवाज नव्हता.

आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली होती.

मी तिला तसं सांगितलं नाही. का, ते विचारू नका. एवढंच विचारलं, ते बोलले ते ऐकता येईल का? ती शिंकली, थांबा म्हणाली आणि तिने रेकॉर्डिंग लावलं.

आता इथे एक सांगायला हवं. हे लिफ्ट दुरुस्त करायचे. त्या कामाला दोघांची जोडी लागते. एक जण खाली खड्ड्यात, दुसरा सगळ्यात वर, मशीनच्या खोलीत. मधे अंधार. तिथे नुसतं 'हो' म्हणून भागत नाही. खालून 'वर घे' असं ऐकू आलं की वरच्याने 'वर घेतो' असं पूर्ण म्हणायचं आणि मगच हात लावायचा. ऐकण्यात चूक झाली तर खालचा माणूस जिवानिशी जातो. ही सवय घरापर्यंत आली. दूध आणा म्हटलं की "दूध आणतो." दिवा घालवा म्हटलं की "दिवा घालवतो." मी म्हणायचे, बरं झालं, पोपट पाळायचा खर्च वाचला.

गेले तेही तिथेच. मशीनच्या खोलीत, डबा उघडून बसले असताना. जोडीदार खालून हाका मारत राहिला आणि वरून कुणी शब्द परत केला नाही. तेव्हाच आपल्याला कळलं, असं तो मला म्हणाला होता.

रेकॉर्डिंगमध्ये आधी नुसती खरखर होती.

मग… टक.

थोडं थांबून पुन्हा… टक.

तो आवाज मी ओळखला. एकदा ह्यांचा राहिलेला डबा द्यायला मी त्या खोलीत गेले होते. भिंतीवरच्या लोखंडी पेटीत असंच वाजत होतं, लिफ्ट मजला ओलांडेल तसं.

मग बाईचा आवाज आला. "पूर्ण नाव सांगा."

टक…

"पूर्ण नाव सांगतो."

माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी तोंडावर हात दाबला.

त्यांनी नाव सांगितलं. हप्ते राहिलेत हे मान्य आहे का, असं तिने विचारलं. "हप्ते राहिलेत, मान्य आहे." पुढचं कुणाशी बोलू, असं तिने विचारलं.

"बायकोशी बोला. नंबर लिहून घ्या."

त्यांनी नंबर सांगितला. एकेक आकडा, सावकाश. त्यांच्या हयातीत हा नंबर नव्हताच.

आणि मग…

"दुपारी करा. ती एकटी असते. तिला कुणी फोन करत नाही."

पुढे नुसती खरखर. मी रडत होते. ती बाई काकू, काकू म्हणत राहिली. मॅडमची काकू कधी झाले, कळलंही नाही.

रविवारी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, आई, ही फसवणूक आहे, आजकाल कुणाचाही आवाज बनवता येतो, बाबांच्या मृत्यूचा दाखला पाठव आणि विषय संपव. तिचं चूक नव्हतं. पण दाखला पाठवला की फाईल बंद आणि फाईल बंद झाली की मंगळवारचा फोन बंद. मी आज पाठवते, उद्या पाठवते करत राहिले.

कारण ती बाई दर मंगळवारी फोन करू लागली होती. तगादा असा नव्हताच. तिची सर्दी काही हटत नव्हती. मी तिला वाफ घ्यायला सांगायचे, ती मला जेवलात का विचारायची. पैशांचं शेवटी, जाता जाता. आणि प्रत्येक वेळी मी म्हणायचे, ते एकदा ऐकव गं. ती ऐकवायची. काय कळलं होतं तिला, कोण जाणे.

लेकीला माझी चालढकल ठाऊक. तिने कंपनीचं नाव माझ्याकडून काढून घेतलं आणि दाखला परस्पर पाठवून दिला.

पुढच्या मंगळवारी फोन आला. तिचाच होता.

"काकू… मग माझ्याशी कोण बोललं?"

शेवटचं एकदा ऐकव, एवढंच मी म्हणाले.

"आत्ताच ऐकलं," ती म्हणाली. "त्यात फक्त मी आहे. मी प्रश्न विचारते आणि मधे कुणीच नाही. नुसतं टकटक…"

फाईल बंद झाली काकू, आता आमच्याकडून फोन येणार नाही, असं म्हणून तिने घाईघाईने ठेवला. मी सबंध घरात एकटी उभी होते. हे गेले त्या दिवशीसुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं, कारण त्या दिवशी घरात माणसं होती.

त्यानंतरच्या मंगळवारी मी मशीन सुरूच केलं नाही. कशाची वाट बघत होते, ते स्वतःलाही सांगत नव्हते.

फोन वाजला.

या वेळी एक पुरुष होता. कंपनी दुसरीच. लेकीच्या लहानपणीच्या सायकलीचे हप्ते राहिलेत म्हणाला. फाईल बंदच होती, पण परवा सरांनी स्वतः कबूल केलं आणि हा नंबर दिला.

मला हसू आलं. खरंच आलं. म्हटलं, सायकलीचीसुद्धा थाप मारली होती तर!

पण ते हसू अर्ध्यातच विरलं. आमचे हे उधारी करणारे नव्हते. मशीन झालं. सायकल झाली. फार तर छतावरचा पंखा असेल. ही जुनी देणी संपली की मग… कुणाला माझा नंबर देणार?

की मग स्वतःच…

पुन्हा कधी करू, असं तो माणूस विचारत होता. मी सवयीने सांगितलं, "मंगळवारी करा."

त्याने बरं म्हणून फोन ठेवला. ठेवल्याचा आवाज मी नीट ऐकला. हवं तर शपथ घेते. फोन अजून माझ्या कानाशीच होता.

टक…

"मंगळवारी करतो."

लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही. ती नंबर बदलून देईल. बदलला तरी काही फरक पडेल असं वाटत नाही, पण मला तो बदलायचा नाही आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

आज सोमवार आहे.