समोरची पत्रावळ

विश्वास ठेवा, नका ठेवू. माझी मावसबहीण नीला खोटं बोलत नाही. बोलायचं म्हटलं तरी तिला जमत नाही. आणि ज्या गोष्टीत आपलीच मान खाली जाते, ती कुणी रचून कशाला सांगेल?

भुतं म्हणे रात्री येतात. हे घडलं भर दुपारी, साडेबाराला. जानेवारी १९९४. बदनापूरजवळ, कडूबा नावाच्या शेतकऱ्याच्या ज्वारीत.

भूकंपाला तेव्हा चार महिने होत आले होते. लातूरकडची अकरा मुलं जालन्याच्या एका वसतिगृहात आणली होती. घर गेलेली, घरातली माणसं गेलेली. नीला त्यांच्या देखरेखीला होती. मुलं छपराखाली झोपत नसत, म्हणून ऐन थंडीत तीही त्यांच्याबरोबर अंगणात झोपायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तिचा राग येईल.

तिनंच हट्टानं मुलांना हुरड्याला नेलं. कडूबानं आगटी पेटवली, कणसं भाजली, गरम गरम चोळून दाणे काढले. गूळ होता, शेंगदाण्याची चटणी होती. चार महिन्यांत पहिल्यांदाच पोरं दंगा करत होती.

पंगत बसली.

आणि प्रत्येक मुलानं... दोन पत्रावळी मांडल्या.

एक आपल्यापुढं. एक समोर, रिकाम्या जागी.

सहा वर्षांच्या बेबीनंदानं तर समोरच्या पत्रावळीवर आधी गुळाचा खडा ठेवला. आईची हाये, म्हणाली.

एक वाजता संस्थेचे पाहुणे फोटो काढायला यायचे होते. शिवाय नीला एका शिबिरात शिकून आली होती की मुलांना मागचं आठवू द्यायचं नाही. एका दिवसाचं शिबिर, त्यात दीड तास जेवणाची सुट्टी. तेवढ्या ज्ञानावर तिनं समोरच्या पत्रावळी एकेक करून उचलल्या. बेबीनंदानं तिची घट्ट धरली. नीलानं ती हिसकली.

गूळ मातीत पडला.

"गेलेली माणसं जेवायला येत नसतात," नीला म्हणाली. "कुणी यायचं न्हाई आता."

कुणीच रडलं नाही.

तिला वाटलं, पटलं पोरांना.

पत्रावळी आगटीजवळ ठेवून ती वळली... तर बेबीनंदाची जागा रिकामी.

ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. आणि पलीकडच्या बांधाला, धुऱ्याला, कडूबाची विहीर. कठडा नसलेली.

कडूबा चप्पल टाकून विहिरीकडं पळाला. नीलानं हाक मारली.

"ओ..."

आवाज ज्वारीतून आला. पण पोरीचा नव्हता.

बाईमाणसाचा होता. भाकरी थापता थापता बाई ओ देते ना, तसा.

तिनं पुन्हा हाक मारली. या वेळी ओ मागून आली, घोगरी, पुरुषाची. मग डावीकडून एका म्हातारीची.

पाखरं गप्प झाली. वारा बिलकुल नव्हता. तरी चारी बाजूंनी पानं सळसळायला लागली... दाटीवाटीतून माणसं वाट काढत यावीत तशी.

सळसळ पंगतीपर्यंत आली. थांबली.

मुलं घाबरली नव्हती. त्यांच्यातली थोरली तारा, अकरा वर्षांची, ती तर नीलाकडं कीव आल्यासारखी बघत होती.

"बाई, ते उभे हायेत. तुम्ही त्यांना जागाच ठिवली न्हाई."

नीलानं आगटीजवळच्या पत्रावळी उचलून आणल्या. तिनं एकेक पत्रावळ पुन्हा मांडली. अकराही पत्रावळींवर हुरडा वाढला. मातीतला गूळ तिनं पदरानं पुसला, मग स्वतःचीच लाज वाटून नवा खडा ठेवला. आता बोलवायला हवं, हे तिला कळत होतं.

"या," शेवटी म्हणाली. "बसा जेवायला."

सळसळ बंद झाली.

थोड्या वेळानं बेबीनंदा ज्वारीतून बाहेर आली. एक हात वर धरलेला, कुणाचं तरी बोट पकडल्यासारखा. आली आणि मुकाट्यानं जेवायला बसली.

कडूबा परतला तो पांढराफटक. पोरीच्या पावलांचे ठसे विहिरीच्या पार काठापर्यंत गेल्ते, म्हणाला, आणि तिथून वळल्ते. दुसरं पाऊल एकही नव्हतं.

पाहुणे आलेच नाहीत. गाडी बिघडली म्हणे.

संध्याकाळी परतताना टेम्पोत बेबीनंदा आपणहून नीलाच्या मांडीवर येऊन बसली. नीलाला रडू फुटलं. चुकलं गं माझं, एवढंच ती म्हणू शकली.

"आई रागावली न्हाई," पोर म्हणाली. "खाली वाकून गूळ उचलत व्हती. तितक्यात तुम्ही पत्रावळ वढली."

आज नीला पन्नाशीची आहे. पंगत उठली की ती पत्रावळीला हात लावण्याआधी विचारते, झालं का? रिकाम्या जागेलाही विचारते.

आणि थांबते. किती वेळ थांबायचं, हे मात्र तिला अजून कळलेलं नाही.